लेक म्हणते, ‘आई, तू नको येऊस’. तरी कॉलेज बघायला जा

ताई, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, तमिळनाडूत असतात. घरी सासूबाई, मी, मुलगी बारावी सायन्सला आणि मुलगा दहावीला. आमच्या गावच्या तरुण मंडळानं यंदा गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत दहावी ते बारावीच्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची कॉलेज बघायची सहल काढायचं ठरवलंय. दोन दिवसांत सांगली, कोल्हापूर आणि पुणे. मंडळाची पोरं म्हणतात, काकू, मुलींसोबत बाईमाणूस पाहिजे, तुम्ही चलाच. पण मालक फोनवर म्हणतात, निकालाआधी कॉलेज बघून काय करायचं, आधी मार्क तर पडू देत. मुलाला तर दहावी झाली की ते दुकानावरच नेणार आहेत. मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय, तेही पुण्यालाच. ती म्हणते, आई, तू नको येऊस, तुला तिथं काही कळणार नाही. मी सातवीपर्यंत शिकले. बचत गटाची सचिव आहे, पण कॉलेजची पायरी कधी चढले नाही. खरंच मला तिथं काय कळणार? कुणाला काय विचारायचं? जाऊ की नको?

– एक आई

नमस्कार ताई,

जा. मुलीचं ऐकून घ्या, मालकांचंही ऐकून घ्या, आणि जा.

तिथं तुम्हाला काय कळणार, असं विचारलंत. मुलींच्या वसतिगृहात बहुतेक ठिकाणी पुरुषांना आत सोडत नाहीत. वडील असोत, मामा असो, नाहीतर मंडळाचा अध्यक्ष असो, सगळ्यांनी फाटकाजवळ थांबायचं. रेक्टरबाईंची परवानगी काढून वर खोलीपर्यंत जाते ती आई. मुलगी पुढची चार वर्षं जिथं झोपणार, आंघोळ करणार, आजारी पडली तर पडून राहणार, ती जागा त्या बसमधल्या कुठल्याही पुरुषाला दिसणार नाही. तुम्हाला दिसेल. एका खोलीत किती कॉट आहेत, बाथरूमला आतून कडी नीट लागते का, पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात काय करतात, रात्री गेट कधी बंद होतं, एखादीला रात्री ताप भरला तर तिला डॉक्टरकडे कोण नेतं, हे सगळं सातवी शिकलेल्या बाईला कळतं. बारावीतल्या मुलीला कळत नाही, कारण तिचं लक्ष तेव्हा दुसरीकडे असतं आणि तसंच ते असायला हवं.

आपल्याकडे खेड्यातल्या मुलांचं शिक्षण वर्गात कमी आणि राहण्या-जेवणाच्या प्रश्नावर जास्त अडलं आहे. शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली, कारण गावाकडून आलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर राजाराम कॉलेज कितीही चांगलं असून त्याला काय उपयोग? भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, तिथंही रोजचा प्रश्न मुलांच्या भाकरीचाच होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तुमच्या विट्याचं बळवंत कॉलेज त्याच रयतचं आहे. त्यामुळे वसतिगृह आणि मेस बघायला आलेली आई ही या सहलीतली दुय्यम माणूस आहे, असं मनातही आणू नका.

आता मुलीबद्दल. ती लागेल असं बोलली, हे खरं. पण याच वयात ती पहिल्यांदा शहरातल्या मुलामुलींच्या बाजूला उभी राहणार आहे. आपलं बोलणं, आपले कपडे, आपलं इंग्रजी लोकांना कसं वाटेल याची धाकधूक तिच्या पोटात आहे आणि ती तुमच्यावर निघाली. तुम्ही रुसून घरी राहिलात तर तिला त्या क्षणी मोकळं वाटेल, पण वसतिगृहात पहिल्या महिन्यात काही बिनसलं तर ते तुम्हाला सांगताना ती अडखळेल. तिला वाटेल, आईला ती जागाच माहीत नाही, काय सांगायचं. म्हणून वाद घालू नका, कामं वाटून घ्या. तिला म्हणा, “अभ्यासक्रम, लॅब, प्लेसमेंट, सीईटी या प्रवेश परीक्षेला किती पर्सेंटाइल लागतात, हे तू विचार. मी मधे बोलणार नाही. हॉस्टेल, मेस आणि फी मी विचारणार, तिथं तू मधे बोलायचं नाही.” आणि खरोखरच तसं वागा. तिच्या सरांशी बोलण्यात तुम्ही पडू नका. एवढी मोकळीक मिळाली की तिचा विरोध बराच गळून पडेल.

बचत गटाचं पासबुक, कर्जाचे हप्ते, बँकेच्या साहेबांपुढचं बोलणं तुम्ही सांभाळता. फीच्या खिडकीवर याहून वेगळं काही नसतं.

मालकांचं म्हणणं वरवर पाहता बरोबर वाटतं. मार्क पडल्याशिवाय कुठलं कॉलेज मिळणार हे कसं कळणार? पण इंजिनिअरिंगचा प्रवेश कसा होतो ते त्यांना सांगा. बारावीची परीक्षा झाली की एमएचटी-सीईटी. तिचा निकाल लागला की कॅपची, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, आणि मग विकल्प अर्ज, म्हणजे कुठल्या कॉलेजची कुठली शाखा पहिली, कुठली दुसरी, अशी क्रमवार यादी. ती भरायला मोजके दिवस मिळतात. पहिल्या फेरीत तुमच्या यादीतलं पहिलंच नाव लागलं तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो. म्हणजे तो क्रम फार विचारपूर्वक लावायला हवा. आणि आपल्याकडे होतं काय? पोरगी आणि तिचा चुलतभाऊ तालुक्याला कॉम्प्युटरच्या दुकानात जातात, मागे रांग लागलेली असते, दुकानातला मुलगा म्हणतो, “ताई, हे टाका, हे चांगलं आहे,” आणि न पाहिलेल्या कॉलेजांची नावं एकामागून एक टाकली जातात. चार वर्षांचा निर्णय अर्ध्या तासात होतो. मार्क पडल्यावर बघायला वेळच राहत नाही. म्हणून आत्ता बघायचं. मुलीसाठी स्थळ आलं तर मालक ते घर न बघता होकार देतील का? मग हे घर तर ती स्वतःच्या पायावर उभं राहायला निवडते आहे.

ते ऐकतील, असं मला वाटतं. गलाईचा माणूस स्वतः पंधरा-सोळाव्या वर्षी अनोळखी गावात जाऊन राहिलेला असतो. परक्या जागी पहिल्या रात्री काय वाटतं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मंडळाच्या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे. वर्गणीतून उरलेले पैसे साउंड सिस्टीमवर न घालता त्यांनी हे ठरवलं, हे गावानं लक्षात ठेवावं. पण त्यांचा बेत बदलायला हवा, आणि ते त्यांना तुम्हीच सांगा, कारण ते तुम्हाला काकू म्हणतात. दोन दिवसांत तीन शहरं बघितली तर मुलांच्या हाती फक्त कमानींसमोर काढलेले फोटो लागतील. विट्याहून पुणं म्हणजे एका बाजूचेच चार-साडेचार तास. पुणं यावेळी सोडा. पहिल्या दिवशी सकाळी सांगलीत विश्रामबागला उतरा. तिथं १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलं असतील तर पलीकडे मिरजेला १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुक्काम कोल्हापूरला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी विद्यापीठ, आणि तिथं कमवा आणि शिका योजनेतली मुलं कशी राहतात, काय काम करतात हे आवर्जून बघा. बसमधल्या निम्म्या घरांना त्याचीच गरज असेल. परतीच्या वाटेवर कराड. तिथं १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. कराडहून विटा काही लांब नाही, रात्रीच्या जेवणाला घरी.

तुमच्या मुलीला हे ऐकून राग येईल, कारण तिच्या डोक्यात पुणं आहे. तिला माझा निरोप सांगा. तिच्या यादीत पुण्याचं सीओईपी हे जुनं अभियांत्रिकी कॉलेज सगळ्यात वर असू दे, १८५४ पासूनची ती संस्था आहे आणि तिथं जागा मिळाली तर डोळे झाकून जावं. पण तिच्या खाली पुण्यातली कुठलीही खासगी कॉलेजं केवळ ती पुण्यात आहेत म्हणून लिहू नयेत. शहराच्या नावापेक्षा शिक्षक, फी आणि वसतिगृह मोठं. वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी मी तरी त्यांच्या आधी लिहीन.

तारखेचंही बोला. रविवारी जाऊ नका. रविवारी वॉचमन भेटतो, प्राचार्य भेटत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तर अजिबात नको. मला कळतं की गलाईची माणसं तेव्हाच गावी येतात आणि सगळ्यांनी मिळून जावंसं वाटतं, पण तेव्हा वर्ग रिकामे असतात आणि वसतिगृहातल्या मुली घरी गेलेल्या असतात. सुट्टी संपून कॉलेज सुरळीत चालू झालं की, स्नेहसंमेलनं आणि बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी, साधारण डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना त्या दिवसांत फवारणी सोडून हलता येणार नाही, हे मंडळानं गृहीत धरावं. त्या घरातून आत्या, मोठी बहीण, कुणीही चालेल, पण मूल एकटं नको. गाडीचं बघताना शाळेच्या मुख्याध्यापकांना बरोबर घ्या. शाळेमार्फत शैक्षणिक सहलीला एसटी सवलतीत मिळते, आणि शाळेचं पत्र असलं की कॉलेजही नीट दखल घेतं. त्या पत्रात दोनच गोष्टी मागायच्या: एक शिक्षक तासभर द्या, आणि आमच्या तालुक्यातून आलेले तुमचे चार-पाच विद्यार्थी भेटवा. या मुलांशी शिक्षक नसताना बोलू द्या. आटपाडी-खानापूरकडची एखादी मुलगी दुसऱ्या वर्षाला असेल तर ती तुमच्या लेकीला पंधरा मिनिटांत जे सांगेल ते कुठल्याही माहितीपुस्तकात नसतं. दुपारचं जेवण हॉटेलात नको, शक्य तिथं मेसमध्येच पैसे देऊन घ्या.

एक सावधगिरी. अशी सहल निघते आहे हे कळलं की एखादं खासगी कॉलेज स्वतःहून बस, नाश्ता, पिशव्या द्यायला तयार होईल. मंडळानं नम्रपणे नको म्हणावं. ज्यांची बस त्यांचंच कॉलेज दिवसभर बघावं लागतं. त्या दोन दिवसांत कुठेही प्रवेशाचे पैसे भरायचे नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी मुलांची मूळ कागदपत्रं द्यायची नाहीत, आणि नाव-नंबरच्या वहीत मुलींचे मोबाईल नंबर लिहायचे नाहीत.

फीच्या खिडकीवर काय विचारायचं ते सांगते, कारण पत्रातली खरी भीती मला तिथं दिसली. पहिला प्रश्न हा, की “हा कोर्स अनुदानित आहे का?” एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, साधी बीएस्सी अनुदानित असू शकते आणि शेजारच्या खोलीतली बीसीए विनाअनुदानित. पाटी एकच, फीमध्ये मात्र मोठा फरक. (बीसीए, बीबीएला आता वेगळी सीईटीही द्यावी लागते, हे बसमधल्या कॉमर्सच्या मुलांना सांगा.) दुसरा प्रश्न, की फीचा कागद सुटा करून द्या: शिक्षण शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, विकास शुल्क किती, अनामत किती, वसतिगृहाचे किती, मेसचे महिन्याला किती. हे सुटं करून घेणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती सवलत नाही, आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठांनाही नाही. “मुलींना सगळं फुकट आहे” असं गावात ऐकलं असेल, ते तसं नाही. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च उरतोच, आणि घराला जड जातो तो हाच. त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीतल्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर की समाजकल्याणच्या कार्यालयात, कधी करायचा, पैसे साधारण कोणत्या महिन्यात जमा होतात आणि तोवर कॉलेज थांबतं का, हे शिष्यवृत्ती बघणाऱ्या कारकुनाला विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. पैसे उशिरा आले आणि कॉलेजनं मात्र हॉल तिकीट अडवलं, तर मुलगी अडचणीत येते.

त्या खिडकीवर बोलायला सुरुवात केलीत की बसमधल्या इतर आया तुमच्या मागे येऊन उभ्या राहतील. राहू द्या. वही मुलीच्या हातात नको, तुमच्या हातात असू द्या. तुम्ही सचिव आहात, लिहायची सवय आहे.

कागदपत्रांसाठी मात्र डिसेंबरची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आणि तुमच्या प्रवर्गाप्रमाणे नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र तहसीलमधून लागतं. जातीच्या आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हवंच, आणि ते मिळायला महिने जातात. सायन्सच्या मुलांनी तो अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे टाकायचा असतो. मालक बाहेरच्या राज्यात असल्यामुळे त्यांच्या सह्या, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्याकडचे जुने कागद लागतील. ते दिवाळीला आले की परत जायच्या आधी हे सगळं करून घ्या. दिवाळीचा खरा उपयोग या कामासाठी करा.

राहिला मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही ठरून गेल्यासारखी. त्यालाही बसमध्ये बसवा. गलाईनं आपल्या दुष्काळी भागातली घरं उभी केली, मुलींची लग्नं केली, विहिरी बांधल्या, त्या धंद्याला मी कधीच कमी लेखणार नाही. पण तो धंदा बदलतो आहे हे मालकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. जून २०२१ पासून दागिन्यांचं हॉलमार्किंग टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, सोन्याचा कस आता यंत्रावर बघतात. पुढची पंचवीस वर्षं या धंद्यात टिकायचं तर मुलाला धातू आणि रसायन यांचं ज्ञान लागेल, आणि तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरात रोज उभं राहायचं तर तो धूर काय करतो हेही त्याला कळायला हवं. त्याला विलिंग्डनच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन जा आणि तिथल्या सरांना विचारायला सांगा, की सोन्यातून चांदी आणि तांबं वेगळं करताना नायट्रिक ॲसिड सोन्याला का धक्का लावत नाही. वडील रोज करतात त्या कामामागचं कारण त्याला पहिल्यांदा कळेल. कराडच्या तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा कोणकोणत्या शाखांत आहे ते बघा. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि तीन वर्षांनी त्याला दुकानावरच जावंसं वाटलं तरी तो एकोणिसाव्या वर्षी जाईल, सोळाव्या नाही.

मालकांशी मुलीच्या कॉलेजवरून भांडू नका. मुलाच्या निमित्तानं त्यांना बोलवा. “तुमच्या धंद्यातलं तुम्हालाच कळतं, कराडच्या सरांशी तुम्हीच बोला,” असं म्हणा. मंडळाकडून तारीख ठरवून घ्या आणि त्यांना महिनाभर आधी कळवा, म्हणजे दुकान कुणाच्या तरी हवाली करून, रेल्वेचं तिकीट काढून त्यांना दोन दिवस येता येईल.